रांगेतली राखण

पहाटे पावणेपाच

पणजीच्या मळा भागातली भाड्याची खोली. मालकीणबाईंनी रात्रीच बजावलं होतं, "पहिली बस धर. दहानंतर ऊन आणि गर्दी, दोन्ही अंगावर येतात." पिशवीत पाण्याची बाटली, दोन केळी, छत्री आणि रोझरी. बाहेर डिसेंबरचा गारवा होता, स्वेटर नसला तरी चालेल आणि असला तर बरं, असा.

वसईहून आमच्या धर्मग्रामाची बस केव्हाच येऊन गेली होती. ती निघाली तेव्हा मला सुट्टी नव्हती आणि सुट्टी मिळाली तेव्हा बस नव्हती. म्हणून कोकण रेल्वे पकडून एकटीच आले. आमच्याकडे फेस्ताला, म्हणजे संताच्या सणाला, एकट्याने जाणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पाहुणेच नसताना एकट्याने जेवायला बसणं. आईने निघताना तीनदा विचारलं, "कोणीच नाही सोबत?" दिवसभर हाच प्रश्न निरनिराळ्या भाषांत ऐकायला मिळणार होता.

निमित्त होतं संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचं. गोव्यातला कॅथलिक त्याला 'गोंयचो सायब' म्हणतो, आणि हिंदूही म्हणतात. दर दहा वर्षांनी त्याचे अवशेष बॉम जेझू बासिलिकेतून काढून रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये लोकांच्या दर्शनाला ठेवतात. हे प्रदर्शन अठरावं होतं, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. पहिलं झालं १७८२ मध्ये. मधल्या काळात अंतर कमीजास्त होत राहिलं आणि १९६४ पासून दहा वर्षांचा नेम बसला.

साडेपाच

पणजीच्या बसस्टँडवर कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, गाडी उभी होती. कंडक्टर 'ओल्ड गोवा, ओल्ड गोवा' ओरडत नव्हता, गरजच नव्हती. चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मेणबत्त्यांचा जुडगा नाहीतर झेंडूचा हार होता. रायबंदरच्या रस्त्याला लागल्यावर डाव्या हाताला मांडवीवर धुकं दिसलं.

शेजारच्या सीटवर बाळाला घेतलेली बाई बसली. तिच्या मांडीवर बाळ, पायाशी दोन पिशव्या आणि खांद्यावर तिसरी. तिने काही न विचारता तिसरी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि हसली. दिवसाची सुरुवात ही अशी झाली.

सव्वासहा

ओल्ड गोव्याला उतरले तेव्हा मंडपात कोकणी मिस्सा चालू होती. सकाळपासून एकापाठोपाठ एक मिस्सा होतात, भाषा बदलत जातात आणि माणसंही. वसईच्या कानाला कोकणी अर्धी कळते, उरलेली चालीवरून ओळखता येते. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, कधी शेजाऱ्याला 'शांती' म्हणून हात द्यायचा, हे सगळं जगभर सारखंच. कॅथलिक माणूस एकटा फिरायला निघाला तर त्याची ही मोठी सोय आहे. गाव अनोळखी असलं तरी पुढचं वाक्य कुठलं ते त्याला माहीत असतं.

मंडपातून दोन्ही चर्चेस दिसत होती. से कॅथेड्रल पांढरं, पोर्तुगीज सत्तेच्या भर वैभवात १५६२ मध्ये बांधायला घेतलेलं. ते संत कॅथरीनच्या नावे आहे, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा जिंकला तो तिच्या सणाचा दिवस होता, २५ नोव्हेंबर १५१०. समोरच्या दोन बुरुजांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तेव्हापासून ते एका बाजूने भारी आहे. बॉम जेझू मात्र लाल जांभ्याची, गिलाव्याशिवाय उघडी. तिचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला काढून टाकला, तेव्हापासून दरवर्षी पाऊस दगडात मुरतो आणि गिलावा परत लावायचा की नाही हा वाद चालू राहतो. फोटोत लाल जांभा फार देखणा दिसतो, अडचण तीच आहे.

साडेसात

रांगेला लागले. लोखंडी कठड्यांमधून रांग वळत वळत जात होती. जाकिटं घातलेली स्वयंसेवक मुलं हात दाखवून माणसं पुढे सरकवत होती. कॉलेजातली मुलं असावीत. त्यांचा आवाज सकाळी साडेसातलाच बसला होता.

माझ्या पुढे एक म्हातारी होती, नऊवारीसारखं नेसलेली, गळ्यात क्रूस. मागे वळून तिने पाहिलं.

"एकटीच इलंस?"

"हो."

"खंयसून?"

वसई म्हटल्यावर तिने मान डोलावली. ती सावंतवाडीकडची. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये झाला, त्याआधी ही सगळी मंडळी पुणे धर्मप्रांतात होती. पण फेस्तासाठी त्यांची वाट कायम दक्षिणेलाच. लहानपणी, १९५२ साली, बापाचं बोट धरून ती इथे आली होती. झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली होती ते प्रदर्शन. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा, हद्दीवर पिशव्या उघडून बघत. त्या वेळी पायाला ओठ टेकवल्याचं तिला आठवत होतं. पाय कसा लागला, असं मी विचारलं. "थंड," ती म्हणाली, आणि तोंडाकडे हात नेऊन हसली.

थोड्या वेळाने तिला टॉयलेटला जायचं होतं. तिने पिशवी माझ्या पायाशी ठेवली.

"तुझ्यावांगडा कोण नाय, तां बरां. तू खंय जावची नाय."

हे मला त्या क्षणी नीट कळलं. कुटुंबातल्या माणसांना पोरं पळवतात, नवरा हाक मारतो, एकाला पाणी हवं असतं तर दुसऱ्याला सावली. एकटं माणूस जिथे उभं केलं तिथेच सापडतं. रांगेत त्याला मोल असतं.

पुढच्या दीड तासात मी काय काय सांभाळलं! म्हातारीची पिशवी. मागच्या तमिळ कुटुंबाची जागा, कारण ते सगळे मिळून पोराची चप्पल शोधायला गेले होते. नन्सच्या एका गटाची पाण्याची पेटी. माझी आणि तमिळ बाईची भाषा एकही नव्हती. तिने हाताच्या पंजाने 'इथेच' अशी खूण केली, मी मान हलवली, आणि ती निर्धास्त निघून गेली. परत आल्यावर तिने मुरुक्कूची पुडी पुढे केली.

तमिळ कुटुंबाच्या मागे डिचोलीचे एक गृहस्थ होते. कपाळाला गंध, खिशात पेन. त्यांनीही विचारलं, "एकट्याच?" मग आपली गोष्ट सांगितली. त्यांचा कुलस्वामी मंगेश. मूळ देऊळ कुठ्ठाळीला होतं. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा देव रातोरात नदीपार प्रियोळला नेला. "आमचो देव पळवून न्यावा लागलो, तो ह्याच लोकांच्या राज्यात," ते हसून म्हणाले. "आणि आमची आई दर वर्षी इथे मेणबत्ती लावायची. मला ताप आला होता लहानपणी, तिने सायबाला बोलून ठेवलं होतं."

या रांगेत हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं आणि त्यातलं एकही खोटं नसतं. झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मागितलं होतं. ते आलं १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि टिकलं १८१२ पर्यंत. हे मला चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी सांगितलं नाही, मोठेपणी वाचून कळलं. रांगेत उभं राहायचं असेल तर तेही माहीत असून उभं राहावं, असं माझं मत आहे. त्या गृहस्थांचं मत मी विचारलं नाही. ते रांगेत होते, तेच त्यांचं उत्तर होतं.

साडेदहा

से कॅथेड्रलच्या दारात चपलांचा आणि माणसांचा गोंगाट एकदम कमी झाला. आत रांग अरुंद आणि वेगवान झाली. स्वयंसेवक हळू आवाजात 'चला, चला' म्हणत होते, कोकणीत, हिंदीत, इंग्रजीत.

नावार्राच्या झेवियर गावच्या किल्ल्यात १५०६ मध्ये जन्मलेला हा माणूस ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला, तिथून मलाक्का, मोलुकाज बेटं, जपान. वसईलाही तो येऊन गेला. चीनच्या किनाऱ्यापाशी शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी तो वारला, शेहेचाळीस वर्षांचा. देह आधी मलाक्काला आणि तिथून मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणला. तो कुजला नव्हता म्हणून गर्दी उसळली. त्या गर्दीत एका पोर्तुगीज बाईने पायाचं बोट दाताने तोडून घेतलं, अशी आख्यायिका आहे. उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला नेला. तो तिथे जेझू चर्चमध्ये आहे. १६२२ मध्ये तो संत झाला, लोयोलाच्या इग्नेशियससोबत एकाच दिवशी.

काचेच्या पेटीत जे दिसतं ते थोडं आहे. जरीचा झगा, सुकलेला काळपट चेहरा आणि पाय. ज्यांना चमत्कार पाहायचा असतो ते जरा निराश होतात, ज्यांना माणूस पाहायचा असतो त्यांना तो दिसतो. पेटीशी पांढरा रुमाल घेतलेला एक स्वयंसेवक होता. कोणी काचेला ओठ लावले की तो पुसायचा, परत ओठ, परत पुसणं. रुमालाची एक घडी मळली की तो दुसरी बाहेर काढायचा. माझ्या पुढच्या म्हातारीने काचेवर हात ठेवला, त्याने तो हटवला नाही, नुसता थांबला. मग पुसलं. मी काचेला हात लावला तेव्हा ती ओलसर होती.

सगळं मिळून पाच-सात सेकंदं. बाहेर आल्यावर म्हातारी म्हणाली, "आतां काच हा. थंडच हा."

साडेअकरा

आधी बॉम जेझू. प्रदर्शनाच्या काळात तिथे सायबाची चांदीची पेटी पाहायला गर्दी कमी असते. हे काम १६३६-३७ मधलं, गोव्याच्या चांदीकारांचं. त्याखालचं संगमरवरी स्मारक टस्कनीच्या ग्रँड ड्यूक कोझिमो तिसऱ्याने पाठवलं. फ्लॉरेन्सच्या फॉजिनीने ते घडवलं आणि १६९८ मध्ये इथे उभारलं गेलं. वर गोव्याची चांदी, खाली इटलीचा दगड. दोन्हीकडच्या कारागिरांनी एकमेकांना पाहिलंही नसणार, पण जोड बेमालूम आहे.

मग पोटपूजा. रस्त्याकडेच्या टपरीत पातळ भाजी आणि उंडे, वर चहा. समोरच्या बाकावर तिघी जणी सेल्फी काढत होत्या, त्यांनी माझ्या हातात फोन दिला. एकटं माणूस म्हणजे जाहीर फोटोग्राफर, हे मला केव्हाच कळलं होतं. दिवसभरात अनेक घराण्यांचे फोटो मी काढले, त्यातल्या एकाही फोटोत मी नाही.

साडेबारा

ऊन चढलं. टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांकडे गेले. एकेकाळचं भव्य मठ-चर्च. १८३५ मध्ये धर्मसंघांना हाकललं आणि मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं. आता एक उंच बुरूज शिल्लक आहे, चार मजल्यांच्या जांभ्याच्या सांगाड्याचा. खाली फरशीवर थडग्यांचे दगड, नावं पुसट झालेली.

या ठिकाणची गोष्ट माझ्या आवडीची आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझमध्ये शाह अब्बासच्या हुकमाने मारण्यात आलं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थी गुपचूप उचलल्या आणि गोव्याला आणून याच चर्चमध्ये ठेवल्या. पुढे चर्च पडलं, ठेवणारे गेले, आणि अस्थींचा पत्ता फक्त कागदावर उरला. पुरातत्त्व खात्याने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शोधून काढल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला, आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला भाग जॉर्जियाला दिला. जिच्याशी आपलं काही घेणं-देणं नाही अशा राणीची परक्या माणसांनी राखण केली आणि पत्ता लिहून ठेवला. रांगेत पिशवी सांभाळणाऱ्याला ही गोष्ट जास्त पटते.

बुरुजाच्या सावलीत एक जर्मन जोडपं आणि मी. त्यांनीही फोन पुढे केला.

अडीच

खाली आले. मंडपाच्या बाजूला कन्फेशनसाठी धर्मगुरू बसले होते, समोर भाषांच्या पाट्या. रांगा लहान होत्या. पापं सांगायला लोक उन्हाची वेळ निवडतात, कारण तेव्हा इतर कामं नसतात. मराठीची पाटी दिसली नाही, म्हणून कोकणी धर्मगुरूपुढे बसले आणि मराठीत बोलले. त्यांनी कोकणीत सल्ला दिला. आम्हा दोघांनाही एकमेकांचं पूर्ण कळलं.

बाहेर बाकावर बसले तशी सकाळची तमिळ बाई कुठून तरी आली, बाळ माझ्या हातात दिलं आणि पंजाने 'इथेच' दाखवून कन्फेशनच्या रांगेत गेली. बाळ झोपलं होतं. त्याच्या मुठीत मेणाचा एक छोटा पाय होता, नवसाचा, वितळायला लागलेला. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवं असतं तो मेणाचं घर. वांद्र्याच्या माउंट मेरीलाही असंच. बाळाचा पाय बरा होता की कोणाचा दुखत होता, मला कळलं नाही. मी फक्त त्याची बोटं उघडून मेण काढलं आणि रुमालात गुंडाळून आईसाठी ठेवलं.

साडेचार

पायी येणाऱ्यांचा एक जथा आला, पुढे क्रूस, मागे पताका, त्यामागे दमलेली माणसं. सिंधुदुर्गातून, खानापूर-बेळगाव बाजूने असे जथे चालत येतात. गाणी गात येतात, शेवटच्या वळणावर आवाज उरत नाही तरी गातात. एका पोराने बूट काढून टाचेवरचा फोड दाखवला, इतक्या अभिमानाने की मला हसू आलं. त्यांच्यातल्या एकाने काठी आणि सॅक बाकाला टेकवली. मी बसलेलीच होते, हे त्याला पुरेसं होतं. "ताई, जरा बघाल?" त्याने विचारलं. त्याने 'एकटीच?' असं विचारलं नाही. त्याच्यासोबत वीस-पंचवीस माणसं होती, पण सगळी दर्शनाला पळाली होती, आणि सॅक सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी सहा

फेस्ताची फेरी, म्हणजे जत्रा, भरली. खाजे, चणे, साखरेच्या लेपाचे शेंगदाणे, खेळणी, आणि देव-सायबाच्या चित्रांच्या फ्रेमा. खाजे म्हणजे बेसनाच्या कांड्या, आल्याच्या-गुळाच्या पाकात घोळलेल्या. दात नाजूक असतील तर विकत घेऊन घरी न्यायचे आणि चहात बुडवायचे. आईसाठी अर्धा किलो घेतले, शेजारणीसाठी पाव. एका टपरीवर रोस ऑम्लेटची फोडणी पडली, तव्यातल्या वाफेने चष्मा पांढरा झाला.

सकाळच्या म्हातारीचे नातेवाईक तिला शोधत होते. ती माझ्या शेजारी बाकावर बसून खाजे चघळत होती, दात नसताना. नातू धावत आला, आधी आजीवर ओरडला आणि मग मला म्हणाला, "थँक्यू हां, तुम्ही सांभाळलात." मी सांभाळलं नव्हतं. ती बसली होती, मी बसले होते. पण नाही म्हणून मी त्याच्या मनावरचं ओझं वाढवलं नाही. आजीने पिशवीतून कोकमाची पुडी काढून मला दिली. "घराक ने," ती म्हणाली, आणि नातवाला ओरडली, "दहा वर्सांनी परत येवचा आसा."

साडेसात

पणजीच्या बसला रांग. मालकीणबाईंचा फोन आला, "जेवण ठेवलंय, एकटीसाठी करायला मला कंटाळा येतो, म्हणून दोघींचं केलंय." रात्री त्यांना दिवसाचा हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, पुढचं प्रदर्शन २०३४ मध्ये, तेव्हा नक्की कोणाला तरी सोबत आण.

मी नाही आणणार. एकट्याने इतक्या मोठ्या गर्दीत यायची भीती वाटते ती घरी बसून. इथे पोहोचल्यावर जो एकटा तो सगळ्यांचा. कुटुंब आपापल्या माणसांत गुंतलेलं असतं, एकट्याकडे जागा असते, वेळ असतो, बाकावर उरलेला अर्धा भाग असतो. म्हणून जो कोणी एकटा या रांगेत यायचा विचार करत असेल, त्याला एवढंच सांगते: पिशवी लहान आणा. दुसऱ्यांच्या सांभाळायला हात मोकळे लागतात.